तीनशे सातच्या दारावरची पाटी

हाईम: ...मंगळवारी दुपारी दोनला पाटी लावली, शुलामितमावशी. आज गुरुवार, दोन वाजून गेले. दोन दिवस झाले पूर्ण.

शुलामित: मग लावू दे की. पाटी हॉटेलनंच दिलीय ना? 'त्रास देऊ नका', तीन भाषांत छापलंय. बाईला वाचता येतं, तिनं लावली.

हाईम: दोन दिवस खोलीत कुणाला घेतलं नाही, तर बिताखोननं आत जाऊन बघायचं. नियम आहे.

शुलामित: आणि बिताखोन कोण, तर तू. काल आर्मीतून सुटलास, आज अख्ख्या अश्केलोनची सुरक्षा तुझ्या डोक्यावर.

हाईम: अश्केलोनची नाही, या हॉटेलची. आणि काल नाही, पाच महिने झाले. याकोवनं सकाळीच सांगितलंय, तीनच्या आत तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या खोल्या बघून वही माझ्या टेबलावर ठेव. एक जरी राहिली तरी रविवारपासून येऊ नकोस.

शुलामित: मॅनेजर लोक असंच बोलतात. जेवले की शांत होतात.

हाईम: तो जेवला, तरी असंच बोलला. गेल्या महिन्यात लॉबीत ती बॅग बेवारशी राहिली, तेव्हापासून माझ्यावर नजर आहे त्याची.

शुलामित: तिच्यात ओले टॉवेल निघाले.

हाईम: टॉवेल निघाले म्हणून मी अजून इथे आहे. मावशी, दुसऱ्या कुठल्या आठवड्यात नोकरी गेली असती तरी चाललं असतं. उद्या ओरनाची आजी, तिच्या आईची आई, येतेय बॉम्बेहून, आमच्या लग्नाचं ठरवायला. तिच्यासमोर मी काय म्हणून बसू? बेकार म्हणून?

शुलामित: ओरनाचा बाप काय म्हणतो?

हाईम: तो काही म्हणतच नाही. बाय हो म्हणाली तर हो, बाय नाही म्हणाली तर कॉफी पी आणि घरी जा.

शुलामित: आजीचं नाव काय?

हाईम: बाय.

शुलामित: ते काय नाव हाय?

हाईम: ओरना बाय म्हणते, तिचे वडील बाय म्हणतात, रामल्यातले शेजारीपण बाय म्हणतात. मी दुसरं नाव कुठून आणू? ते सोडा. या बाईचं बघा. नओमी तळकर, वय बहात्तर, एकटी.

शुलामित: तळकर म्हणजे आपल्यातलीच, कोकणातली ज्यू.

हाईम: म्हणून तर. आपली बाई एवढ्या लांबून समुद्राच्या हॉटेलात येते आणि पडदेसुद्धा उघडत नाही? सकाळी आतून धप्प धप्प आवाज. तीनशे पाचवाल्यांनी तक्रार केली. मग खर्र, खर्र, खर्र. अर्धा तास. काहीतरी कापत होती.

शुलामित: नखं असतील.

हाईम: मावशी, हसू नका. गेटवर आमोसनं तिची पेटी उघडली होती, त्याच्या वहीत बघा काय लिहिलंय. 'लाकडी फळी. तिला लोखंडी पातं, वाकडं. पात्याच्या टोकाला गोल चकती, चकतीला दात. पातं दुमडतं. उपयोग कळला नाही.' त्यानं विचारलं तर बाई म्हणाली, यावर बसायचं असतं.

शुलामित: अरे देवा.

हाईम: बघा, तुम्हालापण भीती वाटली.

शुलामित: लई वाटली. मग लाव की किल्ली. कमरेला लटकतेय, एक फिरवली की काम झालं. पाच मिनिटांत वही याकोवच्या टेबलावर.

हाईम: काल तुम्ही तिला टॉवेल दिले ना?

शुलामित: दिले. फटीतून हात आला, टॉवेल घेतले, हात गेला. हाताच्या मागे बाकीची बाई होती की नाय, ते नाय बघितलं.

हाईम: हात होता म्हणजे बाई आहे. बाई आहे तर किल्ली कशी लावू? अंघोळ करत असेल, झोपली असेल. थांबा, मी वाजवतो. स्लिखा... गेव्हेरेत तळकर? माफ करा, बाई.

नओमी: कोण आहे?

हाईम: हाईम. हॉटेलचा बिताखोन. सुरक्षेचा माणूस.

नओमी: दारावरची पाटी दिसली नाही?

हाईम: दिसली.

नओमी: मग वाजवलंस कशाला?

हाईम: किल्ली लावण्यापेक्षा बरं वाटलं.

नओमी: किल्ली आहे तुझ्याकडे?

हाईम: सगळ्या खोल्यांची एकच आहे.

नओमी: मग विचारत काय उभा राहिलास?

हाईम: खोली तुमची आहे ना. रविवारपर्यंत.

नओमी: आणि मी दार नाहीच उघडलं तर?

हाईम: तर मी इथे गालिच्यावर बसतो. मधेमधे हाक मारीन. तुम्ही फक्त ओ द्यायची.

नओमी: किती वेळ?

हाईम: तीनपर्यंत कामावर आहे. तीनला नोकरी जाईल, मग वेळच वेळ आहे.

शुलामित: असं कुणी दारातून सांगतं का रे? जरा रुबाबात बोल.

नओमी: तिला बोलू नकोस म्हणावं. पोरा, मी तीस वर्षं बॉम्बेच्या हॉस्पिटलात मेट्रन होते. साठ खाटांचा वॉर्ड. पडदा सरकवायच्या आधी हाक मारायची, हे नव्या डॉक्टरांना शिकवताना माझा घसा बसला. तुला कुणी शिकवलं?

हाईम: कुणी नाही. आर्मीत एका तंबूत आम्ही अकरा जण होतो. तिथे दारच नव्हतं. तेव्हाच ठरवलं, दार मिळालं की वाजवायचं.

नओमी: चांगलं आहे. मग पाटीचा मान ठेव आणि जा.

हाईम: जाऊ शकत नाही.

नओमी: का? नियम?

हाईम: नियम आहेच. पण माझ्या आधीच्या माणसाच्या वहीत एक पान आहे. खोली दोनशे बारा. एक आजोबा, दारावर पाटी. सगळ्यांनी मान ठेवला. ते न्हाणीत पाय मोडून पडलेले, हाका मारून आवाज गेलेला. दुसऱ्या दिवशी सापडले. वाचले, पण... बाई, तुम्ही रागवा, चालेल. मला तुमचा आवाज येतोय. पण चक्कर येते का, पडलात का, ते आवाजावरून कळत नाही मला.

शुलामित: मग मार की परत हाक.

हाईम: बाई? ओ द्या.

नओमी: ओ. इथेच आहे. मग तुझं काय म्हणणं?

हाईम: एक करू या. शुलामितमावशी आत येतील. बाईमाणूस आहेत, रोज खोल्या आवरतात. त्या बघतील, मला सांगतील, मी लिहीन. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

नओमी: चालेल. पाठव तिला. आणि भिंतीकडेच बघ.

(कडी निघते, दार किलकिलतं, पुन्हा लागतं. थोड्या वेळानं शुलामित पदराला हात पुसत बाहेर येते.)

हाईम: बाई बऱ्या आहेत?

शुलामित: बाई ठणठणीत हाय.

हाईम: आणि खोली?

शुलामित: खोलीचं काय सांगू तुला. ते लोखंड हाय. आमोसनं लिहिलंय तस्संच. जमिनीवर मांडलंय, दात वर करून.

हाईम: आणि?

शुलामित: बाजूला ताट. ताटात पांढरा भुगा. असा ढीग.

हाईम: पांढरा भुगा? वास?

शुलामित: गोडसर.

हाईम: हात नाही ना लावलात?

शुलामित: हात नाय लावला. खाल्ला थोडा.

हाईम: रेगा, रेगा, थांबा. खाल्लात?

शुलामित: चिमूटभर. आणि न्हाणीच्या कोपऱ्यात काळीकुट्ट गोल गोल टरफलं, केसाळ. फोडलेली. एक अजून आख्खं हाय. हलवलं तर आत पाणी डुचमळतंय.

हाईम: मावशी, ऐका. खाली जाऊन आमोसला सांगा पोलिसांना फोन कर. मागच्या जिन्यानं जा, लिफ्ट नको. तीनशे पाचवाल्यांना बरोबर घ्या. बाई, तुम्हीपण बाहेर या, चपला राहू द्या. मावशींचा हात धरा आणि जा.

नओमी: आणि तू?

हाईम: मी दारात थांबतो. पोलीस येईपर्यंत कुणी आत जायला नको.

नओमी: तूसुद्धा नाही?

हाईम: मीसुद्धा नाही. मी फक्त मधे उभा राहतो. चला ना बाई, पाया पडतो.

नओमी: शुलामित, पुरे. पोराचा चेहरा बघ. तापाच्या पेशंटसारखा झालाय.

शुलामित: दोन मिनिटं अजून, मेट्रनबाई. एवढी मजा चौसष्टला बोटीतून उतरले तेव्हापासून आली नव्हती.

हाईम: मेट्रनबाई? तुम्ही ओळखता यांना?

शुलामित: नऊ वर्षं यांच्या वॉर्डात आया होते. यांच्या शिट्टीवर उठले, शिट्टीवर झोपले.

नओमी: मी शिट्टी कधी वाजवली नाही. हाईम, आत ये.

हाईम: येऊ?

नओमी: आता मी म्हणतेय ना, ये. हे बघ. हे काय?

हाईम: तेच. आमोसनं लिहिलेलं.

नओमी: ही खवणी. फळीवर असं बसायचं, आणि या दातांवर नारळ. खर्र, खर्र. तुझ्या घरी खोबरं कशातून निघतं?

हाईम: पाकिटातून.

नओमी: आई कुठली तुझी?

हाईम: रेवदंड्याची.

नओमी: रेवदंड्याची बाई पाकिटातलं खोबरं वापरते. शुलामित, खुर्ची दे मला.

हाईम: म्हणजे हा भुगा... आणि ती धप्प धप्प?

नओमी: न्हाणीच्या दगडावर नारळ फोडले. तीनशे पाचवाल्यांना माझं सॉरी सांग. पोहे भिजवायचेत, साखर आहे, वेलची आहे. मलिद्याचं सामान आहे सगळं. एलियाहू हन्नाबीच्या नावाचं ताट, शुभकार्यात करतात ते.

हाईम: मलिदा मला माहितेय. आमच्याकडे काकूकडून येतो, तयार. पण हॉटेलात कशाला? कसला नवस?

नओमी: नवस नाही. तयारी. लागला तर असावा, नाही लागला तर शुलामितनं खाऊन टाकावा.

शुलामित: मी सुरुवात केलीय.

हाईम: रेगा. टेबलावर तो फोटो... ही ओरना आहे.

नओमी: सात वर्षांची. पुढचे दोन दात नाहीत बघ.

हाईम: तुम्ही... बाय?

नओमी: सगळे तेच म्हणतात. नाव कुणी विचारत नाही.

हाईम: पण तुम्ही उद्या येणार होतात.

नओमी: उद्या तू इस्त्रीचा शर्ट घालून आला असतास. ओरनाला शर्टाशी लग्न करायचं नाही. तिच्या बापाला सांगितलं, मी शुक्रवारी पोचते, आणि मंगळवारीच शुलामितकडे आले. ती म्हणाली, पोरगा आमच्याच हॉटेलात आहे, खोली घ्या. मी म्हटलं, कामावर असताना बघते. पडद्याआडून दोन दिवस बघितलं तुला, गेटवर. म्हाताऱ्यांच्या बॅगा तू उचलतोस, तो आमोस नुसता लिहितो.

हाईम: आणि मी तुम्हाला... मी आत्ता फोन करायला लावणार होतो.

नओमी: आधी वही लिही. तीन वाजायला आले.

हाईम: हो. खोली तीनशे सात. एक बाई, प्रकृती उत्तम. एक खवणी. खोबरं, एक ताट. धोका नाही.

नओमी: शेवटचं घाईत लिहू नकोस. माझे प्रश्न राहिलेत.

शुलामित: बस रे बस. आता खरी तपासणी.

नओमी: एकच विचारते. मी सोळाची होते लग्न झालं तेव्हा. माहेरून ट्रंक आणली होती, माझी स्वतःची. दोन साड्या, बहिणीची पत्रं. पहिल्याच दिवशी सासूनं किल्ली मागून घेतली. तिच्या कमरेला होती ती, अकरा वर्षं. वाईट बाई नव्हती. पण पत्र वाचायचं तर विचारावं लागायचं.

हाईम: अकरा वर्षं.

नओमी: ती ट्रंक आणलीय मी ओरनासाठी. कुलूप नवीन बसवलंय, पितळी. कुलपाला किल्ल्या दोन येतात. एक तिची. दुसरी कुणाकडे द्यायची, ते मला ठरत नाहीये. नवऱ्याकडे द्यावी, असं तिचा बाप म्हणतो.

हाईम: दुसरीपण तिलाच द्या. एक हरवली तर असावी.

नओमी: आणि तुला काही बघायचं झालं तर?

हाईम: वाजवीन.

नओमी: ट्रंक?

हाईम: ट्रंक वाजवीन, मग तिची वाट बघीन. गालिच्यावर बसून.

शुलामित: मेट्रनबाई, डोळ्यांत काय गेलं?

नओमी: खोबरं. तू पोहे भिजव. आणि हाईम, वही देऊन परत ये. उरलेला नारळ तू खवायचास.

हाईम: येतो. वाजवू ना आल्यावर?

नओमी: नको. शुलामित, दारावरची ती पाटी काढून ठेव.