भजनी मंडळ, पण भजन येईना

आता तुम्ही वही उघडून बसलात, म्हणजे तुम्हाला वाटणार, हा गडी संयुक्त महाराष्ट्राचं सांगणार, लाठी खाल्ली, अश्रुधूर खाल्ला, झालाच पाहिजे करून घसा फोडला. नाय हो. मी प्यायलेला असायचो, सभा कुठली नि मी कुठला. दुसरं वाटत असेल, दारू सुटली म्हणजे ह्याच्या स्वप्नात देव आला असेल. तोही नाय आला. वास आला. वासाचंच सांगणार आहे, तुमचं जेवण झालंय ना?

मी राजापूरचा. सातवीपर्यंत शिकलो, म्हणजे मास्तरांची नक्कल केली नि त्यांचा मार खाल्ला. मग काकानं लालबागला आणून गिरणीत बदलीवर, कोण गैरहजर असला तर त्याच्या जागी, चिकटवला, झोपायला चाळीत गाववाल्यांची खोली, जेवायला तळमजल्यावर भागीमावशीची खानावळ. नकलांची खोड काय जाईना. आमच्यावरचा जॉबर पान थुंकून शिवी कशी देतो, पुढारी माईकला कसा थोपटतो, सगळं करायचो, लोक हसून लोळायचे, आणि हसून झालं की कोणीतरी म्हणायचा, चल रे, तुला पाजतो. दारूबंदी होती, आहेच की अजून, पण काय सांगू तुम्हाला, कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागं हातभट्टीची पाहिजे तेवढी मिळते. सडका गूळ, नवसागर, आणि येते टायरच्या ट्यूबमधून. घोट घेतला की आधी रबर, मग गटार, मग आग. नाक दाबून प्यायचो. जी गोष्ट नाक दाबून प्यावी लागते ती माणूस पितो कशाला, हे मला अजून कळलं नाय.

तर एका दुपारी मी मावशीच्या डाळीच्या टोपात ओकलो. बाजूला नाय, मधोमध. पाळीवर जाणारी माणसं ताटं घेऊन बसलेली. मावशीनं टोप उचलला नि मोरीत उपडा केला, माणसं कोरडा भात गिळून कामाला गेली. मला म्हणाली, मेल्या, तुका आता हय घास गावाचो नाय. शिवा मेस्त्रीच्या बैठकीत जाऊन बस, सुधार, मगे ताट मांड.

शिवा मेस्त्री आमच्याच गिरणीतला फिटर. आधी हा स्वतः पिऊन गटारात पडायचा, मग सोडली, आणि आता सुटलेले नि सुटू बघणारे असे काही जण घेऊन रविवारी दुपारी कुठंतरी बसायचा. कुठं, ते कोण सांगेना, मेस्त्रीसुद्धा नाय. बंदी असताना आम्ही प्यायचो म्हणून सांगणारी माणसं एका खोलीत, पोलिसाला कळलं तर? मी परळ पालथं घातलं, हिंदमातापर्यंत गेलो. एका तालमीच्या मागच्या खोलीत टाळ घेऊन बसलेली माणसं दिसली, म्हटलं हे भजनी मंडळ, आपलं इथं काय काम, आणि परत फिरलो. पुढच्या रविवारी परत तेच. मग जरा थांबलो, तर टाळ सगळ्यांपुढं, वाजवत मात्र कोण नाय, एक जण रडतोय, आणि कोपऱ्यात मेस्त्री.

आत गेलो. मेस्त्री म्हणाला, बस. टाळ हवालदारासाठी आहेत. आणि इथं ऐकलेलं इथंच पुरायचं, समजलं?

रडत होता तो धोंडूदादा, आमच्याच चाळीतला, वरच्या माळ्यावरचा. सांगत होता, एकदा गुत्त्यात पेला सांडला तर तो जमिनीवर ओणवा होऊन चाटला, मातीसकट. मला शिसारी आली. आणि तेवढ्यात खरंच हवालदार डोकावला. सगळे टाळ कुटायला लागले, ताल ना सूर, मेस्त्रीला विठ्ठलाच्या पुढं शब्द सुचेना. मग मी आमच्या गावच्या बुवांचा आवाज काढला, डोळे मिटून, मान हलवून. हवालदार हात जोडून गेला. सगळे हसले, धोंडूदादापण. मला काय वाटलं म्हणून सांगू, न पिता पहिल्यांदाच चढली.

चढली ती उतरेना. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पोरं म्हणाली, कायतरी कर रे, आणि मी ओणवा झालो. जीभ बाहेर काढली, धोंडूदादाच्या रडक्या आवाजात म्हणालो, मातीसकट हो, मातीसकट. नाव नाय घेतलं, पण आवाज कोणी ओळखणार नाय? लोक पोट धरून हसत होते. मी तसंच वर बघितलं, तर जिन्यात धोंडूदादा, हातात घासलेटचा डबा. डबा ठेवला नि खाली उतरून गेला. माझी जीभ अजून फरशीपाशी, वर टाळ्या, परत एकदा, परत एकदा. मला माझीच किळस आली.

धावलो. कुठं गेला असेल ते ठाऊकच होतं. गोदामामागं बसलेला, पुढं पेला, भरलेला. तो वास नाकात गेला नि तिथंच त्याच्या पायाशी ओकलो, न पिता. धोंडूदादा म्हणाला, ह्याची कर ना नक्कल. मी म्हटलं, दादा, उठ. पाया पडतो. बऱ्याच वेळानं त्यानं पेला ओतून दिला, माझ्या ओकारीवर.

तसेच दोघं मेस्त्रीच्या दारात गेलो, झालं ते सगळं मी सांगितलं. मेस्त्री म्हणाला, गाढवा, आधी पिऊन डाळीत ओकलास, आज न पिता माणसात ओकलास. ही ओकारी जास्त घाण. डाळ नवी शिजते रे, ह्याला कुठनं आणायचा परत? काय बोलू नको. बुवांचा आवाज काढू नको, माझा काढू नको, कोणाचाच काढू नको. रविवारी सगळ्यांच्या आधी यायचं, सतरंजी झाडायची, ह्याच्या शेजारी बसायचं नि तोंड उघडलंस तर स्वतःचं सांगायला उघड. आणि आता उभा काय राहिलास, दोघं जाऊन तोंड धुवा, वास मारताय.