पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेरचा बॉल

—अगं, कुलूप दिसतंय न्हवं, मग कडी वाजवून काय उपयोग? समाधान शिफ्टला गेलाय, चारला येईल. बस इथं माझ्या पायरीवर. वाकडवरनं आलीस? रिक्षावाला ‘समाधान कॅडी कुठं राहतो’ म्हणून विचारत होता, तवाच मी कान दिला. कॅडी! किती वर्षांत त्याला त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई. खेळणाऱ्याची पिशवी वाहायची, बॉल कुठं पडला ते हुडकायचं — ते काम. आन् तू त्या गोल्फच्या स्पर्धेचा इतिहास लिहितीस? तीनच तर वर्षं झाली ती, तिचा कसला इतिहास?

पण लिही. पहिल्या वर्षी काय थाट — पांढरे तंबू, कंपन्यांचे झेंडे, कुठून कुठून आलेले खेळाडू, आन् कुरुळीची निम्मी पोरं पिशव्या उचलायला! समाधान त्यात अव्वल. गवत कुणीकडं कललंय ते तळहात टेकवून सांगायचा. दुसऱ्या वर्षी दिग्विजय साहेब म्हणून मोठे खेळाडू, त्यांनी त्याला मागूनच घेतला. शेवटच्या दिवशी साहेब सगळ्यांच्या पुढं, आन् आमी कुंपणाला चिकटलेलो. तिसऱ्या वर्षी? तंबू एकच. निम्मे खेळाडू आलेच न्हाईत, म्हणाले इथं लबाडी चालते. मग बंदच. त्या स्पर्धेचा फ्लेक्स आमच्या गोठ्यावर हाय बघ.

लबाडी कसली — ते मला कशाला विचारतीस? समाधान तसला न्हाई... काय लिहिलंयस? वाच बरं परत. ‘कॅडीने हद्दीबाहेर गेलेला चेंडू आत टाकला.’ हे तू छापणार? पुस्तकात? अगं, त्याची मिनल चौथीत हाय, वाचता येतंय तिला!

त्यानं न्हाई टाकला. कशावरनं म्हंजे? त्या शेवटच्या दिवशी मी होते ना तिथं — कुंपणाबाहेर, गवत कापत. साहेबांनी फटका मारला आन् वरडले, ‘फोर!’ आता फोर म्हंजे काय? आमच्यात फोर म्हंजे चौकार! गावात पोरं खेळत्यात, चौकार गेला की कडेला जो आसंल त्यानं बॉल आत फेकायचा — म्हातारं आसू दे न्हाईतर बाई. बॉल आला थेट माझ्या विळ्याशी. मी उचलला, दिला आत फेकून, वर टाळ्या वाजवल्या! हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेलेला बॉल मेला म्हणत्यात, हे मला काय ठाऊक? समाधान हुडकत तिथंच आला, तवर बॉल आत पडलेला. कुणीतरी लांबनं मोबाइलमधी काढलं — बॉल बाहेर, मग बॉल आत, आन् जवळ समाधान. परत गवतात वाकलेली मी कुणाला दिसणार?

फोर म्हंजे ‘बाजूला व्हा, लागंल’ — हे मला समाधाननंच सांगितलं, काम गेल्यावर, ह्याच पायरीवर बसून. मी उठून गोठ्यात गेले. साहेबांना बाद केलं, ह्याला गेटातनं आत घेत न्हाईत. आता कंपनीत खोकी चिकटवतो. आन् रोज मला विचारतो, ‘काकी, जेवलीस का?’ ...ती स्पर्धा पण माझ्याच हातानं बंद पडली का गं? तूच सांग, तू इतिहास लिहितीस.

आसं कर — ‘कुणीतरी टाकला’ आसं लिही. बास की तेवढं... न्हाई चालत? दुसरं नाव न्हाई दिलं तर त्याचंच राहणार?

...

लिही. सोजरबाई. आडनाव कशाला, कुरुळीत सोजरबाई एकच हाय. आन् ऊठ आता, पोरी. चार वाजत आले. त्याला माझं मीच सांगणार हाय, आन् ते तुझ्यासमोर न्हाई. जा.