सभासदाची पत्नी

—नाही, चहाचं नंतर बघू, आधी तुमच्या पत्रिकेतलं हे वाचा. मोठ्यानं वाचा. चिटणीस तुम्हीच ना आता जुन्या गाड्यांच्या क्लबच्या? तुम्हीच लिहिलंय ना? मग वाचायला काय झालं? — बरं, मीच म्हणतो, पाठच झालंय मला. ‘आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या पत्नीचे अल्प आजाराने निधन झाले. त्या पतीच्या छंदात हौसेने सहभागी होत असत.’ पतीच्या छंदात! हौसेने! अहो बाई, तीन आठवडे झाले तिला जाऊन, आणि या तीन आठवड्यांत मला इतका संताप कशाचाच आला नाही — डॉक्टरांचा नाही, नशिबाचा नाही — या दोन ओळींचा आला. बसा, अशा अवघडून उभ्या राहू नका, मी काही मारत नाही तुम्हाला. पण आता आलाच आहात, तर ऐकून जा.

कोणाचा छंद? माझा? मला पंप म्हणजे सायकलचा, एवढंच माहीत! ती गाडी हिची. हिनं शोधली, हिनं उभी केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायची ती, आणि वडील तिचे कारखान्यात टर्नर — लहानपणी त्यांचा डबा पोचवायला जायची आणि तिथेच लेथपाशी रमायची, संध्याकाळी दोघं बरोबरच घरी यायचे. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली असतील, एक दिवस कामावरून येताना तिला ती वीटभट्टीवाल्याच्या शेडमध्ये दिसली. चौतीस सालची, कापडी टपाची, दोन दारांची — दोन म्हणजे जागेवर एकच, दुसरं दार खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलेलं. कोंबड्या कुठे? तर मागच्या सीटवर! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ही चालती करणार कोण? म्हणाली, ‘मी.’ एवढंच. मी हसलो — हो, हसलो, खोटं कशाला बोलू.

अकरा वर्षं लागली. कळतंय का, अकरा वर्षं म्हणजे किती ते? या स्वयंपाकघरात, या इथे, जिथे तुम्ही पर्स ठेवलीत ना, तिथे कार्ब्युरेटर उघडून पडलेला असायचा. त्यातला तो पितळी गोळा — फ्लोट, हेही तिनंच सांगितलेलं — तो दुधाच्या पातेल्यात गरम पाण्यात धरून बसायची, बुडबुडा कुठून येतो ते बघत. एकदा अशी ओरडली, मला वाटलं भाजली बिचारी — धावत आलो, तर म्हणते, ‘सापडलं भोक!’ चेहरा कसा, तर पोर पहिली आल्यासारखा. सगळं वायरिंग तिनं स्वतः ओढलं, एक्स्चेंजमधल्या सवयीनं, एकेका वायरला दोऱ्याची खूण बांधून. व्हॉल्व्ह घासायला घेतले की घरभर घर्र-घर्र, घर्र-घर्र, मी रेडिओ मोठा करायचो. वेल्डर तेवढा बाहेरचा, क्लबवाल्यांचा नेहमीचा, बाकी सगळं तिचं. आणि तुम्ही लिहिता — सहभागी!

हो, कळलं, तुमच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आहे. का आहे? कारण तुमच्या क्लबचा तेव्हा रिवाज तसा! फॉर्मवर छापलेलंच — सभासदाचे नाव, पत्नीचे नाव. तिसरी ओळ नाहीच. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, मिस्टरांच्या नावानं भरा हो, काय फरक पडतो, घर एकच ना. तिनं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. पहिल्याच प्रदर्शनात परीक्षक मला विचारतात, इंजिनचं टायमिंग किती ठेवलंय? मी घाम पुसतोय, आणि ही माझ्या खांद्यामागून हळूच आकडे सांगतेय, आणि मी ते पोपटासारखे म्हणतोय. ढाल मिळाली. मला! आणि हिला फुलांचा गुच्छ — उत्कृष्ट पोशाखाबद्दल! त्या पोशाखाच्या बाहीला ग्रीस होतं, कुणाला दिसलंसुद्धा नाही. परतताना गाडीत इतकी हसली ती, इतकी हसली — मीही हसलो. आता वाटतं, तिचं हसणं मी नीट ऐकलं नव्हतं.

आणि काय म्हणालात मघाशी? रविवारच्या रॅलीत गाडी सगळ्यांच्या पुढे ठेवणार, तिच्या स्मरणार्थ, आणि मी चालवत यायचं? मी? मला गाडी चालवता येत नाही! — काय बघताय? ही नाही, कुठलीच नाही. प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबावा लागतो तिच्यात, मी एकदा प्रयत्न केला तर गाडी अशी किंचाळली की कुत्री भुंकायला लागली. वीस वर्षं ती चालवायची आणि मी शेजारी टोपी घालून बसायचो. आणि तुमची मंडळी म्हणायची, किती मोकळ्या मनाचा नवरा, आपली गाडी बायकोच्या हातात देतो! मी काय करायचो माहितीये? मान हलवायचो. अशी — किंचित.

तुमच्यातल्या एकालाही संशय येऊ नये? एकालाही? नऊ वर्षांपूर्वी नियम बदललात, बायकांनाही सभासद करायला लागलात, तेव्हा तरी एकदा घरी यायचं, तिला विचारायचं, बाई, तुम्ही — हां, पत्र आलं होतं. बरोबर आहे तुमचं, आलं होतं. सोबत नवा फॉर्मही होता. त्याच फॉर्मवर तुम्ही सभासद झालात ना? हं. तो माझ्याच हातात पडला, ती ऑफिसला गेलेली. मी ठेवला कपाटाच्या खणात, विम्याच्या कागदांखाली. देणार होतो! शपथेवर सांगतो, देणार होतो. पण तोवर मला लोक ओळखायला लागले होते हो. मी साधा गोदामातला कारकून, आयुष्यात मला कुणी काही विचारलं नाही, आणि इथे रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, काय म्हणते तुमची म्हातारी? म्हणजे गाडी! तुमची! एवढं एक होतं माझ्याकडे. आणि ते तिचं होतं.

तिनं का नाही विचारलं मग? सांगा ना. भंगारातले दहा-दहा रेडिएटर उलटेपालटे करून बघायची बाई, माझा एक खण उघडून बघता येत नव्हता?

गेली त्याच्या आदल्या दुपारी, नर्स सलाइन बदलून गेली, आणि ही डोळे मिटूनच म्हणाली, ‘नवा फॉर्म आला होता ना हो आपल्याकडे? वेल्डर म्हणाला होता मला, त्याच आठवड्यात. म्हटलं, देतील आज-उद्या.’ रागावून नाही हो. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो, भांडलो असतो, पाया पडलो असतो. कसं बोलली, माहितीये? दूधवाला आज आला नाही म्हणतात ना, तसं. आज-उद्या! नऊ वर्षं! आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, उशी जरा वर करू का?

‘राहू द्या,’ म्हणाली.

—उठा आता. नाही, त्या दोन ओळी बदलू नका, खाडाखोड नको, नवीन काही छापू नका. गाडी येणार नाही रविवारी. अहो, उठा म्हटलं ना! तुम्ही डोळे पुसून काय होणारंय, परत भरणारच ते. जा तुम्ही. दार लोटून घ्या जाताना.