तान्हीची भूक

सन ब्याऐंशी. नाशिकच्या एका दवाखान्यात मी नंबर यायची वाट बघत बाकावर बसले होते. शेजारी एक म्हातारी रडणाऱ्या तान्हीच्या तोंडाला बाटली लावत होती. पलीकडे एक तरुण बाई छातीशी पदर घट्ट धरून बसलेली. तिनेच विचारलं,

"आजी, बाटली घेत नाय का ती?"

"घेती अन् उलटून टाकती. पावडरीचा डबा बदलला, तरी जुलाब थांबंनात."

"आई कुठंय तिची?"

"माझी लेक व्हती. बाळंतपणात गेली. तुला काय झालंय, बाई?"

"माझं पोरगं चार दिवसांमागं गेलं. दूध मात्र थांबत नाय. छातीत गाठी झाल्यात, ताप येतोय."

"अगं माय!"

"आजी, द्या तिला इकडं."

"आधी ऐक. आम्ही बौद्ध हाय. तुझ्या घरच्यांना चालंल का?"

"तिला भूक लागलीय ना?"

"लागलीय गं. पर तुझी सासू काय म्हणंल?"

"सासूला मी सांगीन. द्या."

तान्हीचं रडणं थांबलं.

"वढती का गं?"

"वढती. लय जोरात वढती."

"मग तू का रडती? दुखतंय का?"

"दुखत व्हतं. आता जरा हलकं वाटतंय."

"गाव कुठलं तुझं?"

"दिंडोरी. चारची गाडी हाय."

"म्हंजे आता जाशील तू."

"आज नाय जात, आजी. संध्याकाळी तिला परत भूक लागंल."