न उघडलेलं पुस्तक

सांगा बरं, बापाचं बोलणं एक आणि लेकीचा चेहरा दुसरंच काही सांगत असेल, तर विश्वास कुणावर ठेवायचा?

परवा एम. पी. नगरच्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात नेहरू नगरचे एक मराठी साहेब लेकीला घेऊन आले. इंग्रजी शब्दांचं पुस्तक काउंटरवर ठेवून म्हणाले, "शेठ, हे परत घ्या. हिने उघडूनसुद्धा पाहिलं नाही, एकदम कोरं आहे." लेक मात्र मागे ओठ दाबून हसू आवरत होती.

वाचलेलं पुस्तक मी परत घेत नाही, हे इथल्या कोचिंग क्लासच्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे. पण साहेबांना तोंडावर खोटं कसं ठरवायचं? माझी शाळा सातवीतच सुटली, तरी पुस्तकं विकता विकता मी वाचतोही. म्हटलं, "साहेब, 'नाही' म्हणायला इंग्रजीत कितीतरी शब्द आहेत. रिफ्यूज, रिजेक्ट, डिक्लाइन..." आणि मुद्दाम अडखळून डोकं खाजवत बसलो.

पोरीला राहवेना! "रिबफ, रिपल्स, स्पर्न, टर्न डाउन!"

"शाब्बास!" मी टाळीच वाजवली. "अगदी पुस्तकातल्या क्रमाने! न उघडताच पाठ झालं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. पोरगी म्हणाली, "बाबा, मी सांगत होते ना, काका पकडतील!"

मला इतका आनंद झाला की म्हटलं, "चल, घेतो परत. फक्त ते चार शब्द इथेच ठेवून जा."

"ते नाही मिळणार, काका," असं म्हणत ती पुस्तक उचलून निघालीसुद्धा.

तुम्ही हे पुढे कुणाला सांगाल, तेव्हा हिशेब खरा ठेवा हं: तीन शब्द माझे, चार तिचे.