पहिल्या स्टार्टची खडखड

मी, पाना या टोपणनावाने ओळखला जाणारा, वय ५४ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, मी चोर नाही.

ज्यांच्या गाडीजवळ मला पकडले ते माझे साडू आहेत. स्टार्ट करताना खडखड होते, अशी तक्रार घेऊन ते तीनदा गॅरेजात आले. तिन्ही वेळा मी गाडी सुरू करून पाहिली. आवाज नव्हता. तिसऱ्या वेळी मी चारचौघांत म्हणालो, "साडूबुवा, खडखड गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे." त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

काल संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. आज सकाळी सहाला लेकीला नर्सिंग कॉलेजात सोडायला घाटातून दोनशे किलोमीटर जायचे होते. ती म्हणाली, "भावोजी, आवाज सकाळी पहिल्यांदाच होतो हो, मग दिवसभर नाही." मी कपाळावर हात मारला. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनातले तेल खाली उतरते, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडतो आणि तेल वर चढेपर्यंत चेन आपटत राहते. साडू गाडी तापलेली आणत. तिथे आवाज कुठून येणार? तीस वर्षे हेच काम करून मला हे विचारायचे सुचले नाही. चूक माझी होती. घाटात चेन दात सोडून सरकली तर इंजिन जागीच संपते, आणि गाडीत पोरगी. मी म्हणालो, गाडी काढू देऊ नकोस. ती म्हणाली, "तुमचं नाव काढलं तरी हे उठून जातात."

म्हणून आज सकाळी ५.४० वाजता मी त्यांच्या दारात गेलो. बेल वाजवायची हिंमत झाली नाही. ते गाडी सुरू करतील तेव्हा ऐकावे, म्हणून पुढच्या चाकाशी आडवा पडलो. हातात टॉर्च व इंजिनाला टेकवून आवाज ऐकायचा लांब स्क्रूड्रायव्हर होता. समोरच्या शिंप्याने "चोर, चोर" करून कॉलर धरली. बाकीच्यांनी हात साफ करून घेतले. साडू धावत आले. गाडीला काही केले का, हे पाहायला त्यांनी किल्ली लावली. मी ओरडलो, "मारा नंतर, आधी ऐकू द्या!" हात थांबले. साडूंनी स्टार्टर मारला. तीन सेकंद खर्रर्र झाले आणि थांबले.

साडू म्हणाले, "येतोय ना आवाज?" मी म्हणालो, "येतोय." तोवर कोणीतरी बोलावल्याने पोलीस आले होते.

साडूंची गाडी आता बंद ठेवली आहे. चेन मी बदलून देणार आहे. पोरीला दुपारी दोनपर्यंत हजर व्हायचे आहे; ती व मेहुणी बाहेर माझ्या गाडीत बसल्या आहेत. मला घेतल्याशिवाय निघणार नाही, असे साडू म्हणतात. शिंप्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. "चूक माझी होती" हे वाक्य साडूंनी बाकावरून पुन्हा वाचायला लावले. पुन्हा वाचले. दोन्ही वेळा ते बरोबर आहे.