शून्य उष्टं

...आणि वर मलाच विचारतात, तुला काय कोणी बांधून ठेवलं होतं का, उठून यायचं होतंस. आता तुम्हीच सांगा, पंगतीत बसलेल्या माणसाला बांधायला लागतं का? समोर संस्थेचे अध्यक्ष शिऱ्याची पळी घेऊन उभे, दारात शिपाई पत्रावळी तपासायला उभा, शेजारी प्राचार्य मॅडम, आणि पाठीमागं दिल्लीहून आलेली समिती मोबाईलवर फोटो काढतेय... दोरी कशाला पाहिजे? आणि मी काही जेवायला गेलो नव्हतो हो. मला फक्त दाखला पाहिजे होता. कॉलेज सोडल्याचा दाखला. एक कागद, त्याच्यावर एक सही, संपला विषय.

तुम्हाला सांगतो, माझं नाव पुंजाराम. वय एकवीस. एकवीस वर्षांच्या पोराचं नाव पुंजाराम असतं का? पणजोबांचं नाव आहे. बारशाला जमलेल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, आणि तेव्हापासून त्यांना सवयच लागली माझ्याबद्दल ठरवायची. दहावीनंतर सायन्स घ्यायचं, त्यांनी ठरवलं. बारावीनंतर मेकॅनिकल इंजिनियरिंग करायचं, तात्यांनी ठरवलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, स्वतः आठवी नापास, आणि भाऊसाहेबांचे खास माणूस. भाऊसाहेब म्हणजे ते मघाशी सांगितलेले पळीवाले, कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. "आपलंच कॉलेज हाय," तात्या म्हणाले. असेल तुमचं. कोपरगावच्या अलीकडं चारी बाजूंनी ऊस, मधे ती चार मजली बिल्डिंग, आणि तिच्यात मी अडीच वर्षं इंजिनाची चित्रं काढत बसलो. चित्रंच. खरं इंजिन वर्कशॉपमध्ये होतं, पण वर्कशॉपला कुलूप, का तर इंजिन नवीन आहे, पोरांनी हात लावला तर खराब होईल. मग पोरांनी कशाला हात लावायचा? सरांच्या पायाला?

सोडलं मी. तिसऱ्या वर्षाच्या मध्यात सोडलं. घरी जो गोंधळ झाला तो सांगत बसत नाही, तात्या अजून माझ्याशी भिंतीकडं बघून बोलतात. पण नगरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची एक जागा रिकामी राहिली होती... बोर्डावर आता अहिल्यानगर, पण एसटीचा कंडक्टर अजून नगर-नगरच ओरडतो... तर तिथले सर म्हणाले, उद्या संध्याकाळी पाचच्या आत मूळ दाखला घेऊन ये, जागा तुझी. नाही आलास तर पुढच्या पोराची. पहिल्याच दिवशी इंजिन खोलायला देतात तिथं! मी स्वतः बघून आलो, पोरांच्या हाताला कोपरापर्यंत काळं ऑईल. मला इतका हेवा वाटला त्या हातांचा...

म्हणून सकाळीच कॉलेजच्या ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, दाखला तयार आहे, मॅडमची सही तेवढी राहिलीय, घेऊन जा आणि करून घे. मॅडम म्हणजे सत्यशीला मॅडम, प्राचार्य. कुठं आहेत? तर मेसमध्ये. तो हरित भोजनाचा दिवस होता ना.

हे हरित प्रकरण काय ते सांगतो. दिल्लीची समिती येऊन कॉलेजला श्रेणी देणार होती, आणि त्यात एक रकाना, मेस पर्यावरणपूरक आहे का. आता आमची मेस! पूर्वी उष्ट्याचा ड्रम दुपारीच भरून वाहायचा. का भरतो हे विचारायला कोणी आलं नाही, आणि भाजी खाऊन बघायला तर त्याहून नाही. पण रकाना आला तसे सगळे म्हातारे जागे झाले. पत्रावळी मागवल्या, पानांच्या, पार कोकणातून, प्रत्येक गठ्ठ्याला प्लास्टिकची गुंडाळी. 'अन्न वाचवा, पृथ्वी वाचवा' असा फ्लेक्स लावला, तोही भाऊसाहेबांच्या गेल्या वर्षीच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पाठीवर छापलेला. पुनर्वापर म्हणे. ऊन पडलं की पृथ्वीच्या जागी भाऊसाहेब उमटायचे. मागं गोबरगॅस बांधला, जो पोरांच्या उष्ट्यावर चालणार. आणि मेसच्या दारावर नियम लावला की उष्टं एक कणही टाकायचं नाही. मग गोबरगॅस काय खाणार? हे मी नाही, मुजफ्फरनं भर मीटिंगमध्ये विचारलं. मुजफ्फर माझा वर्गातला दोस्त, अजून आत अडकलेला. तर त्याला उत्तर मिळालं, "तू लई हुशार हायेस, खाली बस."

तर दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी मेसच्या दारात. शिपायानं फोल्डर काढून घेतला. प्लास्टिकमुक्त परिसर! दाखला शर्टाच्या आत सरकवला, पोटाला लावून, आणि शिरलो.

मॅडम पंगतीत बसलेल्या. टेबलं काढून टाकली होती, जमिनीवर सतरंज्या, भारतीय बैठक, सगळं समितीसाठी. मी वाकून म्हणालो, मॅडम, एक सही. मॅडमनी उजवा हात वर करून दाखवला. आमटीनं माखलेला. "उष्ट्या हातानं सही कशी करू?" म्हटलं, हात धुऊन या, मी थांबतो. तर मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या, "पत्रावळ रिकामी झाल्याशिवाय उठता येत नाही रे. नियम आहे. मीच केलाय."

बरं, मग रिकामी करा. किती वेळ लागतो? तेवढ्यात भाऊसाहेब आले आणि मॅडमच्या पत्रावळीत डावभर शिरा.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण इथंच सगळा सापळा आहे. नियम एक, मॅडमचा... पत्रावळ रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही. नियम दोन, कुठं लिहिलेला नाही पण ह्या तालुक्यात कायद्याच्या वर... भाऊसाहेबांसमोर कोणाची पत्रावळ रिकामी दिसता कामा नये. रिकामी दिसली की त्यांचा अपमान. जन्मभर लग्नाच्या पंगतीत आग्रह करून मोठा झालेला माणूस तो! निवडणुका त्यांनी बुंदीवर काढल्यात. त्यांच्या डोक्यात वाया जाणं आणि वाढणं ह्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. वाढणं हे त्यांचं पुण्य, टाकणं हे तुमचं पाप. मग उठायचं कोणी आणि कसं?

कोणीच उठत नव्हतं. अख्खी मेस बसून होती. पोरं घामेघूम. समितीचे अध्यक्ष, एक किडमिडीत गृहस्थ, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पोटावर हात ठेवून मान हलवत होते, आणि भाऊसाहेब म्हणत होते, "लाजू नका सायब, घरचंच समजा," आणि वरून तूप.

"तू बस की," भाऊसाहेब मला म्हणाले. म्हटलं, मी जेवून आलोय, मला फक्त दाखला पाहिजे होता. "आरं बस. जेवल्याबिगर कोन जातं व्हय आपल्या दारातनं?" आणि खांद्यावर हात. तो हात असा पडतो ना, की गुडघे आपोआप वाकतात. तात्यांचाही हात तसाच पडला होता, मेकॅनिकलचा फॉर्म भरताना.

बसलो. बाजरीची भाकरी, वांगं, भात, आमटी, शिरा. शेजारी मुजफ्फर, डोळे अर्धे मिटलेले. तो ओठ न हलवता म्हणाला, "पुंज्या, पुरे म्हणू नको. पुरे म्हटलं की ते दुप्पट वाढतात." मग काय म्हणू? "काहीच नको म्हणू. वर बघू पण नको. मी मघाशी छताकडं बघितलं तर भाकरी पडली." पलीकडच्या एकानं शिरा रुमालात बांधून खिशात घातला होता, त्याच्या पँटवर तुपाचा नकाशा उमटलेला. आणि भिंतीवरचं घड्याळ पुढं चाललेलं. नगरची गाडी माझ्या डोळ्यांसमोर स्टँडवरून हलत होती.

आणि मला समोर खिडकीतून काय दिसावं? स्वयंपाकाच्या प्रमुख रतनबाई आणि दोन बाया भाताचं अख्खं पातेलं उचलून मागच्या उसात पालथं करतायत! वाफा निघत होत्या त्या भाताच्या. मी मॅडमना म्हणालो, ते बघा. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "ते उष्टं नाही. ते उरलेलं आहे. नियम उष्ट्याचा आहे." कुणाचा तोंड लागलेला घास टाकला तर पृथ्वी बुडते, आणि न शिवलेलं पातेलं टाकलं तर पृथ्वीला चालतं? पीएचडी आहेत हो बाई! रतनबाईंना नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मी काय करू बाबा, भाऊसायबांनी दुप्पट शिजवाया लावलं. पाहुन्यांम्होरं कमी पडलं तर?"

मी विचार केला, हे असंच चाललं तर मी इथं म्हातारा होईन आणि मग मीच कुणालातरी वाढत बसेन. मॅडमची पत्रावळ रिकामी झाल्याशिवाय हात धुतला जात नाही, हात धुतल्याशिवाय सही नाही, सही नाही तर डिझेल नाही. भाऊसाहेब तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वळले होते.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमचं सगळं माझ्याकडं सारा."

"अरे, उष्टं आहे ते."

"मॅडम, शिरा आहे."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि सारलं. शिरा, भात, अर्धी भाकरी. अडीच वर्षांत बाईंनी स्वतःच्या हातानं मला दिलेली ही पहिली गोष्ट. आणि मी खाल्लं, तुम्हाला सांगतो, मी कसं खाल्लं... चव नाही, भूक नाही, नुसता ढकलत होतो, प्रत्येक घासाला मनात एक स्टेशन, राहुरी, विळद, नगर. शेवटचं तांदळाचं शीत बोटानं टिपलं. मॅडम उठल्या, बेसिनकडं पळाल्याच जवळजवळ. मी उठलो. दाखला शर्टातून काढला, घामानं जरा ओला झालेला, पण अक्षरं शाबूत. मॅडम हात पुसत परत येतायत, पर्समधून पेन निघतंय... झालं ना काम? झालंच होतं हो!

आणि समितीच्या त्या किडमिडीत साहेबांनी माझी पत्रावळ बघितली. मॅडम सोडल्या तर अख्ख्या मेसमध्ये रिकामी पत्रावळ असलेला एकच जेवणारा. त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू, बहुतेक त्यांना वाटलं ह्या माणसाला सुटायची वाट माहितीये. फोटो काढले. पत्रावळीचे, माझे, आम्हा दोघांचे. आणि इंग्रजीत विचारलं, एकही दाणा न टाकता कसं जमलं तुला?

मी सरळ सांगितलं. मराठीत सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. "पोरांना आपल्या हातानं घेऊ द्या. वाढणाऱ्याच्या हातातली पळी काढून घ्या. आणि जेवढी तोंडं तेवढंच शिजवा, बाकीचं मागच्या उसात बघून या."

भाऊसाहेब हसले, लहान पोर काहीतरी बोबडं बोललं की हसतात तसे. आणि मॅडमनी माझ्या बोलण्याचं इंग्रजी केलं. चांगलं लांबलचक केलं. त्यात संस्कृती होती, ज्येष्ठांचं मार्गदर्शन होतं, भाऊसाहेबांचं नाव दोनदा आलं. उसाचं काय झालं ते मला कळलं नाही, बहुतेक सेंद्रिय खत झालं. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, कुठल्या वर्षाला आहे हा?

मी दाखला पुढं केला. मॅडमनी दाखल्याकडं बघितलं, समितीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "थर्ड इयर. मेकॅनिकल."

"मॅडम, मला फक्त..." म्हणेपर्यंत भाऊसाहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला. त्यांना काय वाटलं माहितीये? त्यांना वाटलं पोरगं आपली सही मागतंय! आयुष्यात कोणी कागद पुढं केला की सही करायची, वाचायचं कधीच नाही, त्याच सवयीवर संस्था उभी आहे. तात्यांचा पुतण्या म्हणून नाव माहीत, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या दाखल्यावर, कॉलेज सोडण्याचं कारण ह्या ओळीवरून आडवं, ठळक लिहिलं, "शाब्बास पुंजाराम! असाच जेवत राहा." खाली सही, तारीख. टाळ्या.

मॅडमना म्हटलं, दुसरा दाखला काढून द्या. पाच वाजायच्या आत अजून जमेल, जीप करून जातो. मॅडम म्हणाल्या, "आता कसा देऊ? समितीच्या अहवालात तुझा फोटो चाललाय. पुढच्या वर्षी ते परत येणार आहेत, खास तुला भेटायला." मग तुम्ही मला आधी विचारायचं ना? तर म्हणे, तात्यांना फोन केला होता, त्यांची काही हरकत नाही.

घरी गेलो तर तात्या पहिल्यांदाच भिंत सोडून माझ्याकडं बघून बोलले. भाऊसाहेबांनी पोराचं नाव घेतलं, चारचौघांत! मी तोंड उघडलं तर म्हणाले, मोठ्या माणसांनी एवढं केलं, आता गुमान शीक. नगरची ती जागा संध्याकाळीच भरली, जामखेडचा कोणी पोरगा आहे म्हणे. आत्तापर्यंत त्याचे हात काळे झाले असतील...

परत नाव घातलंय. हरितदूत असा बिल्ला दिलाय छातीवर लावायला, प्लास्टिकचा. वर्कशॉपला अजून कुलूपच आहे. मॅडमना विचारलं, मी वर्गात बसून करू काय? तर त्या खरंच प्रेमानं म्हणाल्या हो, "पुंजाराम, लेक्चर बुडवलंस तरी मी बघून घेईन. परीक्षेचंही बघू. जेवायला मात्र एक दिवस खाडा करू नकोस."

चला, जातो. मेसची घंटा झाली, आणि उशिरा जाणाऱ्याला ते जास्त वाढतात.